सायाळीचे काटे आणि भरले बटाटे

टेकडीच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली बीळ करून एक सायाळ राहत असे. मुलांनो, सायाळ म्हणजे पाठीवर लांबलांब काळे-पांढरे काटे असलेला प्राणी. ही सायाळ मुळात भित्री. पान हलले तरी तिचा जीव अर्धा व्हायचा. पण घाबरून तिने अंग फुलवले, की पाठीवरचे काटे खुळखुळ वाजायचे आणि समोरचाच पळ काढायचा. एकदा त्या रानातल्या बिबट्याने तिच्यावर झडप घातली होती. तेव्हा पुढच्या पंजात घुसलेला काटा त्याला अजून सलत होता, आणि एक पाय घासत चालण्याची वेळ त्याच्यावर आली होती. त्या दिवसापासून तो टेकडीकडे फिरकत नसे.

म्हणूनच तर रानातल्या मेजवान्या सायाळीच्या दारात होत. शेजारच्या शेतात काढणी झाली, की सरींमध्ये लहान लहान बटाटे मागे राहत. ते ती उकरून आणी, निखाऱ्यांवर भाजी, चीर देऊन आत शेंगदाण्याचे कूट, मिरचीचा ठेचा आणि रानकांद्याची पात ठासून भरी. मग तीन-तीन बटाटे एकेका काट्यात ओवून पुन्हा निखाऱ्यावर धरायचे आणि वरून चिंचेचा गार कोळ सोडायचा. "फोडून खा रे," ती प्रत्येक पाहुण्याला बजावी. "वरून निवलेला दिसतो, पण आत विस्तव असतो." ससा तरी दर वेळी घाई करी आणि जीभ भाजून घेई.

ओवायला ती फक्त गळून पडलेले काटे वापरी. पाठीवरचा जिता काटा कधी उपटायचा नाही, असे तिच्या आईने तिला लहानपणीच सांगून ठेवले होते, कारण नवा काटा यायला महिनेच्या महिने लागतात. पण एका मेजवानीनंतर कोल्हा मागे रेंगाळला. हा कोल्हा बिबट्याच्या उष्ट्यावर जगणारा, हे सगळ्या रानाला ठाऊक होते. सायाळीलाही होते. पण गोड बोलणाऱ्याला दारातून हाकलायचे कसे, हे तिला कधी जमले नाही.

"ताई, राग मानू नका," कोल्हा म्हणाला, "बटाटे तुमचे एक नंबर. पण काटे हे असे वाकडे, बोथट. परवा हरणाचे बटाटे सटकून मातीत पडले. तुमच्या माघारी हसतात हो सगळे. पाठीवर इतके सरळ, टोकदार काटे असताना पाहुण्यांना गळून पडलेले का देता?"

सायाळीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काट्यांमुळे जन्मभर तिच्याजवळ कुणी बसले नव्हते. आता कुठे चार जण दारात येऊ लागले होते आणि तेही उठून गेले तर? खरे सांगायचे तर बिबट्यापेक्षा तिला या एकटेपणाचे भय जास्त होते. तिने डोळे घट्ट मिटले आणि पाठीवरचा एक काटा उपटला, मग दुसरा. पुढच्या मेजवानीला सगळ्यांनी काटे वाखाणले, आणि कौतुक ऐकताना पाठीची आग तिला जाणवलीसुद्धा नाही.

मग ते नेहमीचेच झाले. खाऊन झाले की वापरलेले काटे "ओढ्यावर धुऊन आणतो" म्हणून कोल्हा घेऊन जाई आणि रिकामा परत येई. पुढच्या खेपेला पुन्हा नवे काटे लागत. एकदा फांदी मोडल्याचा आवाज झाला म्हणून सायाळीने अंग फुलवले, तर खुळखुळ अगदी बारीक आली. पण सांगणार कुणाला? पाहुण्यांना सांगावे तर ते यायचे बंद होतील.

"उद्या संध्याकाळी सगळे रान येणार आहे, ताई," एके दिवशी कोल्हा म्हणाला. "काटे कमी पडू देऊ नका. नाहीतर नाक कापले जाईल."

दुसऱ्या दिवशी सायाळीने उरलेसुरले काटेही उपटले. उन्हे कलली, निखारे फुलले, काट्यांत ओवलेले बटाटे त्यांच्यावर तडतडू लागले. पण पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ससा नाही, हरीण नाही. तित्तिरांचे ओरडणेही थांबले होते. टेकडीवर वानराने एकदाच खाकरल्यासारखा इशारा दिला आणि तोही गप्प झाला. सायाळ कान देऊन उभी राहिली. करवंदीमागे वाळका पाला वाजला. एक पाऊल पडले, आणि दुसरे घासत आले.

ती चाल तिने ओळखली. तिने जिवाच्या आकांताने अंग फुलवले. काही वाजले नाही.

बिबट्या जाळीतून बाहेर आला आणि तिच्या बिळाच्या तोंडाशी ऐसपैस बसला. त्याच्या मागे कोल्हा उभा होता. "मी सांगितले नव्हते का, मालक," तो म्हणाला, "पाहुण्यांना मी उद्याचा सांगावा दिलाय. आज इथे कुणी येणार नाही."

"वळ," बिबट्या सायाळीला म्हणाला. "पाठ बघू तुझी."

सायाळ वळली. उघड्या पाठीवर वारा लागला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपली कातडी किती पातळ आहे ते कळले. मागून बिबट्याचा श्वास ऐकू येत होता. पळावे तर बिळाचे तोंड अडलेले. समोर फक्त निखारे होते आणि त्यांवर ते बटाटे. तिने कसाबसा आवाज काढला.

"मालक, दारी आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये. आधी हे घ्या. मी कुठे पळून जातेय?"

"याच बटाट्यांचे कौतुक करतोस ना रे तू?" बिबट्याने कोल्ह्याला विचारले. कोल्ह्याने मान हलवली. सायाळीने निखाऱ्यांच्या मधोमधचा काटा उचलला, त्यावरच्या तिन्ही बटाट्यांवर चिंचेचा गार कोळ सढळ हाताने सोडला आणि बिबट्यासमोर धरला. फोडून खा, असे मात्र ती या वेळी म्हणाली नाही. आत विस्तव असतो, हे कोल्ह्याला ठाऊक होते. त्याने तोंड उघडलेही, पण बिबट्याने नुसते त्याच्याकडे पाहिले आणि मालकाच्या घासात बोलण्याची त्याची छाती झाली नाही.

बिबट्याने जीभ लावून पाहिली. आंबट, गार. त्याने तिन्ही बटाटे एका घासात ओढून घेतले आणि दात आवळले.

आतला विस्तव फुटला. ठेच्यासकट बटाटा टाळूला चिकटला, थुंकता येईना, गिळता येईना. त्याच्या डरकाळीने टेकडी हादरली. पंजाने तोंड खरवडत तो ओढ्याकडे धावत सुटला आणि कोल्हा शेपूट घालून त्याच्या मागे गेला. सायाळ मोकळ्या झालेल्या बिळात शिरली आणि पार तळाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा तिने आतूनच सगळी हकीकत सांगितली. तेव्हापासून नवे काटे येईपर्यंत ती बिळातच राहिली आणि ससा रोज बिळाच्या तोंडाशी कंदमुळे ठेवून जाई. एकही पाहुणा तुटला नाही. जे भय तिला सगळ्यात मोठे वाटत होते, ते मुळात खोटेच निघाले.

पुढच्या काढणीनंतर पुन्हा मेजवानी झाली. बटाटे बांबूच्या कामट्यांत ओवले होते. कोल्हा लांबून म्हणाला, "ताई, पण काट्याची सर कामटीला नाही हो."

सायाळीने फक्त अंग फुलवले. खुळखुळ आवाज सगळ्या उतारावर घुमला, आणि कोल्हा न खाताच निघून गेला.

तात्पर्य : पाहुणचार मनापासून करावा, पण ज्याच्या बळावर आपण जगतो ते कुणाच्या कौतुकापायी उपटून देऊ नये, खरा स्नेही ते कधी मागत नाही.