हातोहात भाकरी

त्या दिवशी थंडी अशी कडाक्याची, की विहिरीच्या पाण्यातून वाफा निघत होत्या. पण अडमगडच्या दुंदुभीराव महाराजांच्या भाकरीतून वाफेचा धागासुद्धा निघेना! महाराजांनी भाकरी ताटात आपटली. टण्ण!

"ही भाकरी आहे की पाटा?"

मुदपाकखान्याचे कारभारी नागोपंत हात जोडून म्हणाले, "दोष भाकरीचा नाही, महाराज. गेनू कुंभारानं केलेल्या झाकणाचा! त्यातूनच ऊब पळते."

झालं! गेनूला चिखलाच्या हातांनीच सदरेवर आणून उभं केलं.

"उद्या भाकरी गरम आली नाही, तर तुझी दोन्ही गाढवं जप्त! मग माती वाहा स्वतःच्या पाठीवर!"

गाढवं गेली म्हणजे धंदाच बसला की! गेनू हळूच म्हणाला, "महाराज, भाकरी येते कशी, तेवढं बघू द्या."

चूल होती पार मागल्या चौकात. तिथून सदरेपर्यंत चाळीस मानकरी ओळीनं उभे. स्वयंपाकीण सगुणाबाईनं टम्म फुगलेली भाकरी ताटात टाकली. पहिल्यानं ताट कपाळाला लावलं. दुसऱ्यानं झाकण ठेवलं. आत भाकरीच आहे ना, हे बघायला तिसऱ्यानं ते उघडलं! बाराव्यानं माशी बसू नये म्हणून पंख्यानं वारा घातला. त्या थंडीत माशी कुठली? सत्ताविसावा पान खायला गेला होता, तर तो येईपर्यंत सगळे ताटकळले.

"अहो पंत, एकानंच पळत नेलं तर?"

"जीभ आवर! थोरल्या महाराजांचा ताम्रपट आहे. 'मुदपाकखान्यातून येईल ते हातोहात यावे!'"

"हातोहात म्हणजे झटपट हो!"

"हातोहात म्हणजे हाता-हातांतून! चाळीस घराण्यांचा मान आहे हा!"

महाराजांनीही मिशी पिळली. "आजोबांचा शब्द मोडायचा नाही. एक माणूस कमी करायचा नाही. भाकरी मात्र गरम पाहिजे!"

गेनूनं घरी जाऊन गाढवांना चारा घातला, त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि गुमान कोपऱ्यातली एक शेगडी पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती फुललेली शेगडी घेऊन तो थेट महाराजांच्या पाटासमोर बसला. मग ओरडला, "हं, येऊ द्या हातोहात!"

आधी परात आली, मग तवा, मग पाणी, मग पीठ. प्रत्येकानं कपाळाला लावलं, झाकलं, उघडलं. बाराव्यानं पिठाला वारा घातला, तेव्हा तेराव्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या!

नागोपंत हटून बसले. "आता सगुणाबाईसुद्धा हातोहातच आली पाहिजे!"

सगुणाबाईनं उलथनं उगारलं. "हात लावून तर बघा मेल्यांनो, चाळीसच्या चाळीस भाजून काढीन!"

ओळ आपसूक भिंतीला चिकटली आणि बाई स्वतःच्या पायांनी डुलत डुलत आली.

थप् थप् थप्! भाकरी थापली, फुगली. महाराजांनी झडप घातली आणि ते किंचाळले, "आई गं! चटका बसला! अरे, चटका बसला रे!" डोळ्यांत पाणी आणि तोंडभर आनंद!

"पण महाराज," नागोपंत कळवळले, "भाकरी कुठे हातोहात आली?"

गेनू शांतपणे म्हणाला, "पंत, मुदपाकखान्यातून आलं ते पीठ. ते चाळीस हातांतूनच आलं. मुळातच गार, ते आणखी काय गार होणार? भाकरी तर इथंच झाली. बाईंच्या हातातून महाराजांच्या हातात! याहून हातोहात ती काय असते?"

महाराज असे हसले, असे हसले, की घास भलतीकडे गेला आणि बाराव्याला पाठ थोपटावी लागली. गेनूची गाढवं तर वाचलीच, वर आणखी दोन गाढवं आणि चांदीचं कडं मिळालं.

गेनू चार गाढवं हाकत आळीत शिरला, तेव्हा शेजारची येसू तेलीण उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. घरातून भरदिवसा तिच्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "गेनूदादा, चाळीस जणांना मार्गी लावलंस म्हणे! आमच्या घरात एकच आहे रे, त्याचं काही जमतंय का बघ की!"