ठकूबाईनं वाजवलेली कडी

एक होता राजा. मनानं भला, बरं का. थंडीच्या तोंडाशी त्यानं गावाबाहेर चाळीस घरं बांधली. म्हणाला, "ज्याला घर नाही, त्याला हे घर."

मग शिपाई निघाले. दारोदार जाऊन विचारलं, "इथं कुणी बिनघराचं राहतं का?" जो तो म्हणे, "नाही बुवा." शिपायांनी सांगितलं, "महाराज, राज्यात बिनघराचं कुणीच नाही." राजा खूश. चाळीस घरांना चाळीस कुलपं लागली.

आणि ठकूबाई? ती बाजारात, चिंचेखाली. जन्मभर लोकांची दळणं दळली. हात थकले तशी मालकीण म्हणाली, "आता तू ये," आणि दार लावून घेतलं. त्याला बारा वर्षं झाली. यंदा खोकला जाईना. ही थंडी आपल्याला नेणार, असं तिला वाटायचं.

म्हणून ती चावडीवर गेली. कारकून म्हणाला, "आजी, शिपाई तुमच्या दारात येऊन हाक मारील. आतून ओ दिलीत की घर तुमचं. दार कुठलं?"

"दार असतं तर इथं कशाला आले असते, बाबा?"

"ते खरं हो. पण नियम आहे."

मग ती देवळाच्या दारात बसली. शेजारती झाली, गुरवानं उठवलं. दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारात बसली, राखणदारानं हुसकलं. तिसऱ्या दिवशी पाय नेतील तिकडं गेली, तर समोर ती चाळीस घरं. दिवेलागण झालेली, पण एकातही दिवा नाही. जन्म गेला लोकाघरी, न विचारता आत कशी शिरेल? तिनं हळूच कडी वाजवली. "घरात कुणी आहे का?"

आणि काय सांगू! घरच बोललं. "कुणी नाही गं माय. वाट बघून भिंती गार पडल्या. ये." पिकलं फळ गळावं तसं कुलूप गळालं.

सकाळी शिपायानं तिला राजापुढं उभं केलं. "चोर आहे, महाराज."

ठकूबाई म्हणाली, "महाराज, तुमच्या माणसांनी घराघरात जाऊन विचारलं, घर कुणाला नाही म्हणून. आम्ही तर रस्त्यावर होतो."

राजाची मान खाली गेली. मग तो स्वतः निघाला. झाडांखाली गेला, पुलाखाली गेला, घाटावर गेला. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणलं. घरं कमी पडली, तर आणखी बांधायला घेतली.

त्या रात्री ठकूबाईनं आपल्या घराचं दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग पाय लांब करून निजली.

तुम्हीही निजा रे लेकरांनो. दार लावलंय मी.