सोपान कंडक्टरचा शेवटचा शॉट

नदीकाठच्या एका शहरात आप्पा इंगवले नावाचे एक सिनेमा काढणारे गृहस्थ राहत. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच माणूस घडवला म्हटलं तरी चालेल. तो म्हणजे सोपान कंडक्टर. खाकी कपडे, तिरकी टोपी, हातात तिकिटांची पेटी आणि तोंडात सदा उत्तर तयार. तीस वर्षांत त्यांनी सोपानचे सहा सिनेमे काढले आणि सहाही लोकांनी डोक्यावर घेतले. खेडोपाडी बस थांबली की पोरं खऱ्या कंडक्टरलाच सोपान म्हणून हाक मारत. बिचारे कंडक्टरही ओ देत.

सोपानचं काम जयराम पाटोळे करायचे. आप्पांचा त्यांना एकच नियम होता: सोपान रडणार नाही. बस घाटात लटकू दे, नाहीतर नोकरी जाऊ दे, सोपान लोकांना हसवणार. लिहिणाऱ्यांनी परोपरीने विनवलं, पण आप्पा बधले नाहीत.

पुढे आप्पांचं वय झालं. कॅमेऱ्यातून बघताना डोळ्यांना धारा लागायच्या. जयरामकाकाही थकले, वाक्यं विसरू लागले. तेव्हा सोपानला निवृत्त करणारा सातवा आणि शेवटचा सिनेमा काढायचं ठरलं. आप्पांनी तो पद्मजाकडे सोपवला. पद्मजा अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबली होती. मुहूर्ताचा नारळ तिच्या हातात ठेवून आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून सोपान तुझा. मी आपला बघायला येईन."

टाळ्या पडल्या. आप्पांना गहिवरून आलं. ते मनापासून बोलले होते, हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना लबाड समजाल. दुसऱ्या दिवशी ते आले आणि कॅमेऱ्याशेजारच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची हलवायची कुणाची छाती झाली नाही. पद्मजाचीही नाही.

एके दिवशी शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. नोकरीचा अखेरचा दिवस संपवून सोपान रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर बसतो, इतकाच. बोलणं नाही की विनोद नाही.

"काही करू नका, काका," पद्मजा म्हणाली. "नुसतं बसा."

कॅमेरा सुरू झाला. जयरामकाका बसले. त्यांनी तिकिटांची पेटी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. ही पेटी आता पुन्हा हातात यायची नाही, हे त्यांना तेव्हाच उमगलं असावं. त्यांचा ओठ थरथरला. डोळ्यांच्या कडा भरून आल्या. अवघं युनिट श्वास रोखून उभं होतं.

"कट!" आप्पा ओरडले.

कॅमेरामनने कॅमेरा बंद केला. त्याचा तरी काय दोष? इतकी वर्षं त्या आवाजासरशी त्याचा हात आपोआप चालत आला होता.

"सोपान रडत नाही," आप्पा म्हणाले.

पद्मजा हळूच म्हणाली, "सोपान कुठं रडत होता, आप्पा? जयरामकाका रडत होते."

आप्पांचा चेहरा खाडकन उतरला. "मग घे ना पुन्हा," ते पुटपुटले.

पुन्हा घेतला. नऊ वेळा घेतला. शेवटी डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. पाणी आलं, पण ते नुसतं पाणीच होतं. जयरामकाका दमून म्हणाले, "पोरी, ते एकदाच आलं होतं गं. गेलं आता."

आप्पा उठले, ते पुन्हा कधी सेटवर फिरकले नाहीत. आता त्यांनी सोपानला खरोखर सोडलं होतं. पण त्याचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता.

दोन महिन्यांनी जयरामकाका वारले. त्यांच्यामागे सिनेमा लागला. पद्मजाने तो अर्धवट तुकडाच शेवटी ठेवला होता. ओठ थरथरतो, डोळे भरून येतात आणि पडदा काळा होतो. आप्पा तिकीट काढून मागच्या रांगेत बसले होते. शेजारी खेड्यातून आलेल्या एक आजीबाई पदराने डोळे टिपत होत्या.

"आत्ता कुठं मन मोकळं करत हुता बिचारा," त्या हळहळल्या. "जन्मभर समद्यांना हसवलं, आन त्याला एकदा धड रडूबी दिलं न्हाई. असं कुणी केलं असंल वो?"

"मी," आप्पा म्हणाले.

आजीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा काहीतरी बरळतोय असं समजून त्यांनी पिशवी उचलली आणि त्या गर्दीबरोबर बाहेर गेल्या. आप्पा दिवे लागले तरी बसून राहिले.

तात्पर्य: आपलं काम दुसऱ्याच्या हाती दिलं की त्याच्यावरचा हुकूमही त्याच दिवशी सोडावा. उशिरा सोडल्याने आपली चूक कळते, पण दुसऱ्याचं मोडलेलं पुन्हा जुळत नाही.