कासवाची शपथ

एका माळाच्या उतारावर एक तळे होते आणि त्या तळ्यात एक म्हातारे कासव राहत असे. किती म्हातारे म्हणाल, तर तळ्याला मातीचा बांध घातला गेला तेव्हाही ते तिथेच होते. पण त्या काळच्या गोष्टी ते कुणाला सांगत नसे. कुणी विचारले तर उत्तर यायला अर्धा दिवस लागे, आणि तळ्यातल्या बेडकांपाशी एवढा धीर कुठला?

तळ्याचा पुढारी होता बगळा. त्याला कुणी निवडले नव्हते. पण उभा राहिला की सगळ्यांच्या वर त्याचेच डोके दिसे, म्हणून सभेत तोच बोले. एके दिवशी त्याच्या कानावर आले की कुणीतरी म्हणाले, पलीकडच्या तळ्याचे पाणी आपल्यापेक्षा गोड आहे. कोण म्हणाले ते कळेना. मग बगळ्याने सरसकट सगळ्यांनाच फैलावर घेतले.

"ज्या तळ्याचं पाणी पिता, त्यालाच नावं ठेवता?" तो गरजला. "आजपासून रोज सकाळी सगळ्यांनी शपथ घ्यायची! उजवा पाय वर करा, डोळे मिटा आणि माझ्यामागून म्हणा : तळं माझं, मी तळ्याचा. तळ्यासाठी प्राण देईन, पण तळं सोडून जाणार नाही!"

बेडकांना काय, ओरडायला निमित्तच हवे होते. त्यांनी असा काही गलका केला की काठावरचे बगळ्याचे भाऊबंद दचकून उडाले. बांधाजवळ राहणाऱ्या खेकड्याने तर उत्साहाच्या भरात दोन्ही नांग्या वर केल्या आणि तीच शपथ तीनदा घेतली. बगळा मुळातच एका पायावर उभा होता, त्याला वेगळे काही करावे लागले नाही.

कासवाने मात्र पाय वर केला नाही.

"कासवराव, तुमचा आवाज नाही आला," बगळा म्हणाला.

कासवाने बराच वेळ विचार केला. त्याला खोटे बोलायचे नव्हते, आणि खरे बोलायची लाज वाटत होती. शेवटी ते म्हणाले, "तळं माझं, एवढं मी हजारदा म्हणेन. पण ते प्राण द्यायचं... मला भीती वाटली ना, की माझी मान आधी आत जाते. मी भ्यालो हे मला मागाहून कळतं. अशा मानेच्या भरवशावर एवढा मोठा शब्द कसा देऊ? उद्या पाळता आला नाही तर?"

"अहो, पाळायचं कुणी सांगितलंय? नुसतं म्हणायचं आहे!" एक बेडूक ओरडला. बगळ्याने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले आणि मग तो कासवाकडे वळला. कासवरावांना तो आता 'अरे-तुरे' करू लागला.

"ज्याला शपथ घेता येत नाही, तो आपला नाही! चार दिवसांत तळं सोडून चालता हो!"

मुलांनो, त्या बिचाऱ्याला काय वाटले असेल, जरा विचार करा. तळ्यातला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा. कोणत्या कोपऱ्यात ऊन आधी येते, कुठला चिखल मऊ, सारे पाठ. या वयात दुसरीकडे जाऊन नवा चिखल कुठे शोधायचा? पण हुकूम तो हुकूम, असे म्हणून ते त्याच दिवशी तळाच्या चिखलातून बांधाच्या दिशेने चालू लागले. चार दिवसांत बांध ओलांडायचा तर त्याला वेळ दवडून चालणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बांधाशी पोचले. पाहते तो काय, पाण्याच्या काठाशी गवताच्या काड्या गरगर फिरत होत्या आणि एकेक करून बांधात गडप होत होत्या. बांधाला भोक पडले होते! खेकड्याने पूर्वी तिथे बीळ केले होते. पाण्याने माती खाऊन खाऊन ते आता कासवाच्या पाठीएवढे झाले होते, आणि तळ्याचे पाणी त्यातून पलीकडच्या माळावर चालले होते.

"अरे धावा! बांध फुटतोय!" कासव ओरडले.

पण ती शपथेची वेळ होती. 'तळ्यासाठी प्राण देईन' या घोषात त्याचा आवाज कुणाच्या कानापर्यंत गेलाच नाही.

कासव घाबरले. अपेक्षेप्रमाणे मान आत गेली. पण आत गेल्यावर, त्या अंधारात, त्याला आपले तळे डोळ्यांपुढे दिसू लागले : कोरडे, भेगाळलेले, आणि त्यात पडलेले ते सगळे दगड. मान काही बाहेर आली नाही, पण पाय चालू लागले. मागे सरकत सरकत, शेपटीकडून, कासव त्या भोकात शिरले आणि बाटलीला बूच बसावे तसे घट्ट बसले. पाणी थांबले.

दिवसभर ते तसेच बसून राहिले. मधूनमधून हाक मारी, पण आपल्याला तळ्यातून हाकलले म्हणून ते रडगाणे गात असेल, असे बेडकांना वाटे. दुसऱ्या दिवशी मुदत संपली, तेव्हा बगळा बेडकांना घेऊन बांधावर आला.

"अजून इथंच? आणि बिळात लपून बसलायस होय?"

"मी केव्हाच निघालो असतो," पाठीच्या आतून आवाज आला, "पण मी निघालो की तळंही माझ्यामागून निघेल."

"गोड बोलून वेळ काढतोय! ओढा रे त्याला!"

बेडकांनी कासवाचे पुढचे पाय धरले आणि हेऽ हो करत ओढले. कासव चार बोटे पुढे सरकले मात्र, बाजूने पाणी भसकन धावले आणि दोन बेडूक त्या पाण्याबरोबर भोकातून पार पलीकडे गेले. क्षणभराने माळावरून त्यांचा आवाज आला, "अगं आई गं! आम्ही तळ्याबाहेर पडलो हो!"

पाण्याच्या ओढीने कासव पुन्हा धपकन मागे बसले, म्हणून बरे. पण सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. बगळा म्हणाला, "मी... मी जरा पलीकडच्या तळ्यावरून मदत मिळते का बघतो!" आणि म्हणता म्हणता तो आभाळात दिसेनासा झाला. खेकडा म्हणाला, "बीळ माझंच आहे, पण शपथेत बांधाचं नाव कुठं होतं?" मागे राहिलेल्या बेडकांना काही सुचेना. जे येत होते ते त्यांनी केले. उजवा पाय वर केला, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने शपथ म्हणू लागले.

आता मात्र कासवाची मान बाहेर आली. राग आला की ती बाहेर येते, हे त्याला स्वतःलाही आजच कळले.

"शपथ मागाहून घ्या, पोरांनो! आधी चिखल आणा! आणि तू रे खेकड्या, बिळं कुठं कुठं आहेत ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? दाखव त्यांना!"

खेकडा ओशाळला. त्याने एकेक बीळ दाखवले, दोन्ही नांग्यांनी खडे आणून ठासून भरले. बेडकांनी तोंडात चिखल धरून खेपा घातल्या. कासवाच्या मागे पलीकडून भर पडत गेली, आणि ते काम त्या दोन बाहेर पडलेल्या बेडकांनीच केले. संध्याकाळपर्यंत बांध पक्का झाला, तेव्हा कुठे कासव भोकातून बाहेर आले. आले आणि बांध चढू लागले.

"अहो आजोबा, आता कुठं निघालात?" एका म्हाताऱ्या बेडकिणीने विचारले.

"हुकूम आहे ना, बाई. आणखी वीतभरच राहिलंय."

बेडकिणीला हसावे की रडावे कळेना. तिने चार जणांना बोलावले, आणि सगळ्यांनी मिळून कासवाचे तोंड तळ्याकडे फिरवून दिले.

सकाळी बगळा परतला. पलीकडच्या तळ्याची मासळी खाऊन त्याचे पोट टम्म झाले होते. सारे बांधावर जमलेले पाहून तो खूश झाला. "शाबास! म्हणा : तळं माझं..."

कुणीच काही म्हणेना. कसे म्हणणार? बांधावर आणखी एक थर चढवायला एकूण एक बेडकाच्या तोंडात चिखल होता.

बगळ्याची नजर कासवावर गेली. रात्रभर चालून ते जेमतेम हातभर खाली उतरले होते. "तुझं तोंड तर रिकामं आहे! निदान तू तरी शपथ घे!"

कासवाने विचार केला. बेडकांनी या वेळी धीर धरला.

"घेतो," ते म्हणाले. "दर आठ दिवसांनी मी या बांधाला एक फेरी मारीन. रोज म्हणणार नाही, माझी चाल मला ठाऊक आहे."

तात्पर्य : शपथ जिभेने घेतली जाते, पण ती पाळायला पाठ लागते. म्हणून जो शब्द जपून देतो, त्याला परका म्हणू नये.