उसनं विरजण

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा घाटाला पायवाटा होत्या, रस्ते नव्हते. त्या दिवशी पहाटेपासून धुकं असं उतरलं होतं की बैलाला स्वतःचं शिंग दिसू नये. वारा नव्हता. झाडांवरून दव टपटप पडत होतं, आणि सूर्य वर आला तरी दुधात बुडवलेल्या भाकरीसारखा फिका दिसत होता.

त्या धुक्यातून एक म्हातारा मीठवाला शेवटची खेप घेऊन चालला होता. समुद्रावरून मीठ भरायचं, बैलांच्या पाठीवर घालायचं, घाट चढून वरच्या गावांना द्यायचं, हे तांड्याबरोबर त्याच्या बापानं केलं, त्यानंही केलं. आयुष्य वाटेवर गेलं. त्याचा जन्मही वाटेवरचाच, एका वडाखाली.

घाटमाथ्यावरच्या एका गावापाशी तो थांबला. धुक्यामुळं गाव दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कुठंतरी जातं फिरत होतं. कुणीतरी लेकराला दटावत होतं. आणि एक बाई कुंपणावरून हाक मारत होती, “अगं, चाळण दे गं जरा. माझीला भोक पडलंय.”

दुसरी म्हणाली, “तुझी चाळण गेल्या वर्षीपासून भोकाचीच आहे. घे, ही घे.”

एवढंच. पण मीठवाला त्या धुक्यात उभाच राहिला. हे असं हाक मारणं त्यानं वर्षानुवर्षं वाटेनं जाताजाता ऐकलं होतं, आणि दर वेळी वाटलं होतं, आपल्यालाही कुणी कुंपणावरून अशी हाक मारावी. भाकरीला तो कधी मोताद झाला नाही. एवढी एक हाक तेवढी त्याला मिळाली नव्हती.

एका दुष्काळात त्यानं या गावाला मीठ पोचवलं होतं, गाव ते विसरलं नव्हतं. त्यानं राहायला जागा मागितली तेव्हा पाटलानं त्याला गावकडेची जागा दिली. मीठवाल्यानं मातीच्या भिंती घातल्या, वर गवत शाकारलं, आणि साठी उलटल्यावर तो पहिल्यांदा स्वतःच्या छपराखाली निजला. त्या रात्री त्याला झोप आली नाही. चांदण्या दिसत नव्हत्या ना.

आता घर झालं. पण घरात काय काय लागतं, हे त्याला कुठं ठाऊक? वाटेवर एक तवा, एक घोंगडी, एक पाण्याची चामडी पखाल, की झाला संसार. म्हणून तो विचारत फिरला.

कुंभार म्हणाला, “आधी रांजण न्या. चूल एक दिवस पेटली नाही तर खपतं. पाणी नसलं तर आलेला माणूस उंबऱ्यावरूनच जातो.”

लोहार म्हणाला, “विळी, उलथणं, सांडशी. बाकी सगळं मागून चालतं, पण तापलेलं भांडं उतरवायला शेजारी कुठवर बोलावणार?”

सुतारानं विचारलं, “घरात माणसं किती?”

“एकटाच आहे.”

“मग पाट एक पुरे.”

मीठवाला म्हणाला, “पाच कर.”

त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं एका दोरीला गाठी मारल्या. रांजणाची एक, जात्याची एक, विळीची, केरसुणीची, पणतीची, मिसळणाच्या डब्याची. एकेक वस्तू घरात आली की एकेक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटेल त्या दिवशी घर झालं म्हणायचं, असं त्यानं मनाशी धरलं.

मधल्या काळात जे नसेल ते तो शेजारी मागायचा. शेजारी एक कासारीण राहायची. म्हातारी, एकटीच. गावातल्या साऱ्या बायकांच्या हातात तिनं भरलेल्या बांगड्या, आणि साऱ्यांच्या घरातल्या गोष्टी तिच्या कानात. मीठवाल्यानं तिच्याकडून एकदा चाळण नेली, एकदा सूप नेलं. पलीकडच्या तेलिणीकडून कढई नेली. आणि घेतलेली प्रत्येक वस्तू दिवस बुडायच्या आत राखेनं घासून, पुसून, लख्ख करून ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.

त्याच्या तांड्याची रीतच तशी होती. तांडा पहाटे उठतो. सकाळी कोण कुठल्या वाटेला लागेल, सांगता येत नाही. म्हणून ज्याचं त्याला दिवस बुडायच्या आत. जो हे पाळतो तो इमानी. बापानं त्याला बाकी काही शिकवलं नव्हतं, एवढं शिकवलं होतं.

पहिल्या वेळी कासारीण म्हणाली, “एवढी कसली घाई होती?” दुसऱ्या वेळी सूप उचलून ती आत गेली. तिसऱ्या वेळी तो मागायला गेला नाही, कारण तोवर त्याची स्वतःची चाळण आली होती.

होता होता दोरी सरळ झाली. एकही गाठ उरली नाही. मीठवाल्यानं घर सारवलं, रांजण भरला, पाच पाट भिंतीशी टेकवून ठेवले, आणि दारात बसला.

कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. बायका त्याच्या दारावरून पाण्याला जात, मान लववून पुढं जात. वाईट कुणी बोलत नव्हतं. पण हाका त्याच्या कुंपणापाशी येऊन वळायच्या. कासारणीला मुसळ लागलं तर ती चार घरं ओलांडून जाई, याच्याकडं येत नसे.

त्याला वाटलं, आपल्या घरात अजून काहीतरी कमी असणार. म्हणून त्यानं भांडी मांडायला घडवंची आणली. पानाचा डबा आणला, स्वतः पान खात नसताना. घर भरत गेलं, तसतशी संध्याकाळ जड होत गेली. वाटेवर निदान बैलांच्या घंटा तरी असायच्या.

शेवटी त्यानं आपला राहिलेला धडधाकट बैल दिला आणि दुभती गाय घेतली. दूधदुभतं असलेल्या घरी माणसं येतात, असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं दूध तापवलं, झाकून ठेवलं, आणि दही होण्याची वाट बघत बसला. दूध नासलं. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही नासलं. तिसऱ्यांदा कुत्र्यानंही तोंड फिरवलं. तेव्हा नाइलाजानं तो कुंपणापाशी गेला.

“आक्का, एक विचारायचं होतं.”

कासारीण शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आमच्याकडं काय असणार विचारण्यासारखं? तुमच्या घरी तर बाजार भरलाय म्हणतात.”

“दूध ठेवतो, पण दही होत नाही. भांड्यात खोट असेल का?”

“विरजण कसलं लावता?”

“विरजण म्हणजे?”

कासारणीनं आता वर बघितलं, आणि तोंडाला पदर लावला. “साठी उलटली, मीठवाले, आणि विरजण ठाऊक नाही?”

“आम्ही चालती माणसं, आक्का. चालत्या बैलावर दही कुठं लागतंय?”

तिचं हसू थांबलं. शेंगांचं टोपलं तिनं बाजूला ठेवलं.

तो म्हणाला, “बाजारात मिळत असेल तर आणतो.”

“ते इथं कुणी विकत नाही. या घरातून त्या घरात जातं. माझं माझ्या सासूनं तेलिणीकडून आणलेलं. तेलिणीकडं कुठून आलं, ते तिलाही सांगता यायचं नाही.” ती आत गेली आणि एका वाटीत बोटभर दही घेऊन आली. “संध्याकाळी दूध कोमट झालं की हे लावा. बोट बुडवून बघायचं. चटका बसला तर थांबायचं.”

संध्याकाळी त्यानं सांगितल्यासारखं केलं. भांडं झाकलं, आणि वळतो तो दारात त्याच्या जुन्या तांड्याचा नायक उभा. तांडा गावाबाहेर उतरला होता. नायक घरभर फिरला. रांजण बघितला, जातं बघितलं, पाटांना हात लावला.

“बेस बांधलंस,” तो म्हणाला. “कुणी येतं का रे?”

मीठवाल्यानं पाट पुन्हा भिंतीशी सरळ लावले.

“चल मग. बैल आमचे आहेत, वाट जाणणारा माणूस पाहिजे. उजाडताच निघतोय.”

“येतो,” मीठवाला म्हणाला. म्हणताना त्याला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

नायक गेला. दिवस डोंगराला टेकला होता. सवयीनं मीठवाल्यानं कासारणीची वाटी घासली, पुसली, आणि ती हातात घेऊन उभा राहिला. वाटी द्यायची, पण वाटीतलं? ते दुधात गेलं होतं. वेगळं काढायचं म्हटलं तर निघेना. जन्मात पहिल्यांदा असं काही त्याच्या हाती आलं होतं, जे दिवस बुडायच्या आत परत देता येत नव्हतं.

तो तसाच कासारणीच्या दारात गेला.

“आक्का, मी उजाडताच तांड्याबरोबर चाललो. तुमचं आज द्यायला पाहिजे होतं. पण ते दुधात मिसळलं.”

“मग लागू द्या की.”

“किती वेळ लागेल?”

“सकाळी जरा उन्हं येईपर्यंत. मधे हलवू नका. हललं की मोडतं.”

“तोवर तांडा घाट उतरलेला असेल.”

“मग जा बाबा. बोटभर विरजणासाठी कुणी तांडा अडवत नाही.” ती आत वळली आणि वळताना म्हणाली, “वाटी ठेवा उंबऱ्यावर. तुमची रीतच आहे ती.”

तो हलला नाही. “माझ्या रीतीत काही चुकलं का?”

कासारीण थांबली. “चाळण नेलीत, सांजेच्या आत परत. सूप नेलंत, सांजेच्या आत परत. लख्ख आणि रिकामं. आमच्या गावात असं कुणाला परत करतात, ठाऊक आहे? ज्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, त्याला. शेजाऱ्याचं भांडं चार दिवस आपल्याकडं राहतं, आणि परत जाताना त्यात चार दाणे असतात. तुम्ही साऱ्या गावाचं पुसून टाकलंत. आम्ही म्हटलं, या माणसाला आपलं काही नको. मग आपण तरी त्याचं दार कशाला वाजवायचं?”

मीठवाल्यानं हातातल्या लख्ख वाटीकडं बघितलं.

“आमच्याकडं त्याला इमान म्हणतात,” तो हळू म्हणाला.

“आम्हाला काय ठाऊक? आम्हाला वाटलं, पाहुणा आहे, निघायच्या बेतात आहे.”

त्यानं वाटी उंबऱ्यावर ठेवली नाही. हातात घेऊन घरी गेला.

उजाडलं. घंटा वाजायला लागल्या. नायकानं दारातून हाक मारली. मीठवाला भांड्यासमोर मांडी घालून बसला होता, पाळण्याशी बसावं तसा.

“ऊठ की.”

“अजून लागलं नाही.”

“काय लागलं नाही?”

“दही.”

नायक हसला. “दह्यासाठी वाट सोडतोस? अरे, ओंजळभर मीठ टाक त्या बाईच्या दारात आणि चल. फिटलं.”

मीठवाल्याचा हात मिठाच्या पोत्याकडं गेला. एवढं केलं की खरंच फिटत होतं. त्याच्या बापानं तेच केलं असतं. खरं सांगायचं तर त्याचे पाय केव्हाच उठले होते, नुसता तो बसला होता. पोत्याच्या तोंडाशी त्याचा हात क्षणभर राहिला, मग मागं आला.

“तुम्ही व्हा पुढं,” तो म्हणाला. “एकाचं घेतलंय, ते अजून व्हायचंय.”

तांडा निघाला. मीठवाला आत बसून ऐकत राहिला. कुठली घंटा कुठल्या बैलाची, हे त्याला न बघता कळत होतं. एकेक घंटा वळणाआड गेली. शेवटची सगळ्यात उशिरा गेली. ती गेल्यावरही तो ती ऐकतच होता. मग तीही ऐकू येईना.

उन्हं उंबऱ्याशी आली तेव्हा त्यानं झाकण काढलं. भीतभीत भांडं जरासं कलतं केलं. दूध वाहिलं नाही. जागच्या जागी धरून राहिलं होतं.

त्यानं वाटी काठोकाठ भरली आणि कासारणीकडं नेली. तिनं बोटाला लावून चाखलं.

“आंबटसर झालंय,” ती म्हणाली. “दूध निवू द्यायचं होतं जरा.” आणि तिनं वाटी आत नेऊन ठेवली.

चार दिवसांनी सकाळी कुंपणावरून कासारणीची हाक आली. “मीठवाले, मोठी परात आहे का हो? लेक जावई यायचेत, माझ्या परातीत चार भाकऱ्यांचं पीठ मावत नाही.”

मीठवाल्यानं परात कुंपणावरून दिली. ती हाक त्यानं दिवसभर मनात घोळवली. त्या दिवशी सांज झाली, परात आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडा गेला. लेक जावई येऊन गेले. तेलीण येऊन उखळ घेऊन गेली, तेही तिच्याकडंच राहिलं. मीठवाल्याच्या घरात भिंतीशी मोकळ्या जागा दिसायला लागल्या, आणि त्या बघत तो रोज निवांत जेवू लागला.

तरी साठ वर्षांची सवय. एका संध्याकाळी दिवस बुडायला आला तेव्हा त्याचे पाय आपोआप कुंपणापाशी गेले. “आक्का,” तो म्हणाला, “परातीची घाई नाही हं. सहज आलो.”

कासारीण दिव्याची वात करत होती. आपल्या फडताळातल्या त्याच्या परातीकडं तिनं एकदा बघितलं, मग त्याच्याकडं, आणि सावकाश म्हणाली, “राहू द्या ती इथंच, मीठवाले. ज्या घरात शेजारच्या घरचं काहीच नसतं, ते घर कितीही भरलं तरी रिकामंच असतं.”