नैवेद्याचे मोदक

फार पूर्वी एका स्वयंपाकघरातली भांडी आपसांत खूप बोलत. फक्त कामाचं तेवढं बोलत नसत.

चतुर्थीला नव्या सुनेचा पहिला नैवेद्य होता. मोदकपात्राने सकाळीच पाणी उकळत ठेवलं. परातीने उकड मळून ठेवली. कढईने मात्र नारळ-गुळाचं सारण सावकाश परतलं. ते निवेपर्यंत उकड गार होऊन तडकली आणि पात्रातलं पाणी आटलं.

"मी सगळ्यांच्या आधी तयार होतं हं," मोदकपात्र म्हणालं.

"माझी उकड लोण्यासारखी होती, बाई," परात म्हणाली.

"घाईचं सारण आमच्याकडे होत नाही," कढई म्हणाली.

तेवढ्यात देवघरात आरती सुरू झाली. सासूबाईंनी आत डोकावून विचारलं, "झालं का गं?"

"सगळ्यांचं झालंय, आई," सून म्हणाली. "फक्त मोदक नाहीत."