समोरासमोरच्या वाद्या

एका राज्यात वेस उघडायची ती फक्त नगाऱ्याच्या घुमण्याने; माणसाच्या हाताला ती दाद देत नसे. राजाने अंजनसिद्ध जादूगाराला वेशीबाहेर तीन दिवस ताटकळत ठेवले, म्हणून त्याने बाहेरूनच शाप दिला. नगाऱ्याचे शंभर वर्षांचे कातडे टरकन फाटले, वेस मिटली.

"नवे चढवा," जादूगार म्हणाला. "संधी तीन. कातडे फाटेल तसा ते कमावणारा दगड होत जाईल."

पहिले फाटले, कातडी कमावणारा म्हाळू कमरेपर्यंत दगड झाला. दुसरे फाटले, गळ्यापर्यंत. "कातडेच कुजके," कातडे ताणणारे मानकरी म्हणाले आणि जेवायला गेले.

म्हाळूची लेक तुळा तिथेच उभी राहिली. बाप पुटपुटला, "तुळे, दोन्ही चांगली होती गं."

नगाऱ्याच्या कडेवर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "मी दोन्ही वेळा वरून पाहिले. फाटले ते मावळतीलाच."

तुळेला लख्ख उमगले. नगाऱ्याच्या उगवतीला आठ बडे मानकरी बसत, मावळतीला आठ लहान. प्रधानाच्या समोर पखालवाला. कातडे ताणायच्या चामड्याच्या वाद्या ओढायच्या त्या मानाच्या क्रमाने. आधी सगळे बडे कातडे आपल्याकडे खेचून घेत. लहानांच्या वाट्याला उरे ती ताणलेली, आखूड कड. ती फाटणार नाही तर काय! नव्या कातड्यांना जादूगाराने बोटही लावले नव्हते. त्याला ही म्हातारी खोडे ठाऊक होती, तेवढे पुरले.

घरात दोन कातडी उरली होती. "जाड घे," म्हातारे मानकरी म्हणाले. जाड म्हणजे भारी, एवढीच त्यांची अक्कल. तुळेने जाड कातडे उन्हासमोर धरले: कण्यापाशी काळे, कडेला पांढरे, म्हणजे कडेला पातळ. दुसरे सगळीकडे एकाच रंगाचे. तिने तेच भिजवले, नगाऱ्यावर अंथरले.

"प्रधानजी, आधी तुम्ही ओढा. मग समोरचे बारकूमामा. मग पुन्हा इकडचा एक, तिकडचा एक."

"माझ्यामागोमाग पखाल्या?" प्रधान ताडकन उठला. "आजोबांपासूनचा मान आहे, पोरी. पाठशाळा अर्धवट सोडलेली तू!"

"सोडली. तिथे हा क्रमच घोकून घेत होते. तुमच्या आजोबांनी एकदा तरी कातडे बदलले का? नाही ना? माझा बाप दगड होतोय. मान कुरवाळायचा असेल तर वादी सोडा, मी ओढते."

राजाने मान खाली घातली. "ओढा," एवढेच तो म्हणाला.

प्रधानाने ओढली. बारकूमामाने ओढली. "जपून, प्रधानजी, हात सोलेल," तो हसू दाबत म्हणाला. एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. एकही सुरकुती पडली नाही. उन्हात कातडे खडखडीत वाळले आणि तुळेने टिपरू उगारले.

नगारा असा घुमला की वेस सताड उघडली, शाप उलटून बाहेरचा जादूगार राख होऊन उडाला आणि म्हाळूच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला. तो लडखडत आला तो थेट नगाऱ्याकडे. कातड्यावर कान ठेवून म्हणाला, "मावळतीला जरा ढिले आहे."

"आबा, आधी मला तरी बघा!" तुळा म्हणाली आणि रडता रडता हसली.

त्या राज्याची वेस अजून रोज उघडते. आणि वादी हातात घेतली की प्रधान आधी समोर बघतो, पखालवाला तयार आहे ना.